कोयरी, पेझली आणि रंग घोटणारी पोरं

नववीच्या वर्गात मराठीचा तास चालू होता. शेवटच्या बाकावरची एक मुलगी वहीच्या मागच्या पानावर मेंदीची नक्षी काढत बसली होती. तिची आई लग्नसराईत मेंदी काढायला घरोघर जाते आणि मुलीचा हात आईपेक्षाही सफाईदार आहे, हे मला ठाऊक होतं. वही हातात घेतली, रागवायचं राहून गेलं. विचारलं, "हे काय काढलंस?"

"कैरी, सर."

मी सांगितलं, मराठीत याला कोयरी म्हणतात. पैठणीच्या काठावर असते, हळदीकुंकवाची चांदीची कोयरी याच आकाराची. मागून एकाने विचारलं, "और इंग्लिश में?" मी म्हणालो, पेझली. "मतलब?" मतलब काही नाही, गावाचं नाव आहे, स्कॉटलंडमधलं. "अपनी कैरी को उनके गाँव का नाम क्यों?" तेवढ्यात घंटा झाली आणि मी सुटलो.

पण प्रश्न सुटला नाही. त्या प्रश्नाच्या मागे लागून मी पेझली गावाचा इतिहास वाचू लागलो आणि वाचता वाचता एका नाटकापाशी येऊन थांबलो. जॉन बर्न या स्कॉटिश चित्रकाराने लिहिलेलं 'द स्लॅब बॉइज'. आपल्याकडे स्लॅब म्हटलं की घराचं छप्पर आठवतं. इथे स्लॅब म्हणजे संगमरवराची लादी. गालिच्याच्या कारखान्यात त्या लादीवर रंग घोटून नक्षीकारांना पुरवणारी पोरं, ती स्लॅब बॉइज. नाटक १९७८ चं, गोष्ट १९५७ ची. पण तिची मुळं श्रीनगरपर्यंत जातात, म्हणून सुरुवात तिथून करतो.

काश्मिरी शालीची नक्षी कशी तयार व्हायची हे उर्दू वाचणाऱ्याला विशेष आवडेल. नक्काश आराखडा काढायचा. मग तरह-गुरू तो आराखडा समोर ठेवून खालून वर, ओळीमागून ओळ, कोणता रंग किती धाग्यांपर्यंत न्यायचा हे मोठ्याने सांगायचा. शेजारी बसलेला तालीम-गुरू ते एका खास सांकेतिक लिपीत उतरवून घ्यायचा. त्या कागदाला म्हणत 'तालीम'. मागावर बसलेला शालबाफ चित्र पाहत नसे, तालीम ऐकत असे. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. मराठीत तालीम म्हणजे पैलवानांचा आखाडा, शिवाय नाटकाचा सराव. काश्मिरात तालीम म्हणजे शालीची लिपी. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, पण हा तिसरा अर्थ मला चाळिशी उलटल्यावर कळला.

ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात या शाली युरोपात गेल्या आणि तिथल्या श्रीमंत बायकांना वेड लागलं. मागणी प्रचंड, माल थोडा, किंमत अवाच्या सव्वा. मग नक्कल सुरू झाली. आधी एडिनबरो आणि नॉरिच इथे, आणि १८०५ च्या सुमारास ग्लासगोजवळच्या पेझलीत. पेझली हे विणकरांचं गाव होतंच, तिथे कसब होतं. नंतर जॅकार्डचा माग आला, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवरून नक्षी आपोआप विणली जाऊ लागली. मालेगाव-भिवंडीच्या वाचकाला जॅकार्ड समजावून सांगायची गरज नाही. पुठ्ठ्यावरची भोकं ही एका अर्थाने तालीमच, फक्त ती वाचून दाखवायला माणूस लागत नव्हता. काश्मिरात एका शालीला महिनेच्या महिने, कधी वर्षाहून जास्त लागायचं. पेझलीची शाल कितीतरी स्वस्त पडायची. नक्षीला फारसीत 'बूता' म्हणत, इंग्रजांनी तिला गावाचं नाव दिलं. माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच. जो विकतो, नाव त्याचं लागतं.

मात्र पेझलीचा विणकर तरी सुखी होता का? नाही. १८४० च्या सुरुवातीला मंदी आली, एकामागून एक कारखाने बुडाले, गाव अन्नाला महाग झालं. १८४२ मध्ये व्हिक्टोरिया राणीने पेझलीच्या शाली विकत घेतल्या त्या या धंद्याला हात देण्यासाठी. चारच वर्षांनी, १८४६ मध्ये, अमृतसरचा तह झाला. इंग्रजांनी ७५ लाख नानकशाही रुपयांना काश्मीर महाराजा गुलाबसिंगाच्या हवाली केलं. त्या तहात वार्षिक नजराणा ठरला आहे. एक घोडा, शालीच्या लोकरीच्या बारा बकऱ्या आणि काश्मिरी शालींच्या तीन जोड्या. राणी गरीब विणकरांसाठी पेझलीची शाल विकत घेते, आणि अस्सल शाल तिला दर वर्षी तहाच्या कलमाने फुकट मिळते!

काश्मीरमध्ये शालीवर कर होता. त्या खात्याचं नावच 'दाग-शाल'. शालीवर शिक्का मारायचा, म्हणजे दाग, आणि कर घ्यायचा. कराने विणकर इतका पिचला की २९ एप्रिल १८६५ रोजी श्रीनगरच्या जालडगर भागात शालबाफ रस्त्यावर उतरले. हातात शस्त्रं नव्हती, कर कमी करा एवढंच मागणं होतं. सैन्य चालून गेलं. पळापळीत अरुंद पुलावरून पाण्यात पडून २८ जण बुडाले, अशी नोंद इतिहासकार देतात. पुढाऱ्यांना कैदेत टाकलं. पाच-सहा वर्षांत युरोपची फॅशन बदलली, १८७० च्या युद्धाने फ्रान्सची बाजारपेठही गेली. श्रीनगरचा शालबाफ आणि पेझलीचा शाल विणकर, एकमेकांचे स्पर्धक म्हणून ओळखले जाणारे हे दोघे जवळपास एकाच वेळी रिकामे झाले.

शाल गेली तरी पेझलीत कसब उरलं होतं आणि त्यातलं काही आधीच गालिच्यात शिरलं होतं. जेम्स टेंपल्टन हा पेझलीतला शाल बनवणारा. विल्यम क्विग्ले नावाच्या विणकराबरोबर त्याने १८३९ मध्ये शनील धाग्याच्या गालिच्याचं पेटंट घेतलं. मूळ युक्ती शालीतलीच. पुढे टेंपल्टन ग्लासगोचा मोठा गालिचेवाला झाला. क्विग्ले कुणाला आठवत नाही. पेझलीला लागून असलेल्या एल्डर्सली गावात स्टॉडर्ड कंपनीचा गालिच्यांचा कारखाना उभा राहिला. याच कारखान्यात १९५७ मध्ये सतरा वर्षांचा जॉन बर्न रंग घोटायला लागला.

जॉन बर्नचा जन्म ६ जानेवारी १९४० चा, पेझलीचा. घर आयरिश कॅथलिक, वस्ती फर्गस्ली पार्क, म्हणजे गावात जिच्या नावाने नाकं मुरडतात अशी सरकारी घरांची वस्ती. स्कॉटलंडच्या पश्चिम भागात कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट यांच्यातली तेढ जुनी आहे. तिथे नोकरी मागायला गेलं की "शाळा कुठली?" असं विचारत. शाळेच्या नावावरून पोरगा कोणाचा ते कळायचं. नाव सांगितल्यावर समोरच्याचा चेहरा कसा बदलतो, हे या ब्लॉगच्या वाचकांना वेगळं सांगायला नको. बर्नची आई मानसिक आजाराने वारंवार इस्पितळात जायची. शिकायला पैसा नाही, चित्राचा हात मात्र विलक्षण. अशा पोराला चित्रकलेच्या सगळ्यात जवळची नोकरी कोणती मिळणार? नक्षीकाराला रंग घोटून द्यायची.

काम साधं होतं आणि घाण होतं. रंगाची पूड, डिंक आणि पाणी लादीवर घ्यायचं, लोखंडी पात्याने घोटत राहायचं, गाठी मोडेपर्यंत. रंग ताटलीत भरून पलीकडच्या खोलीत न्यायचा. त्या खोलीत नक्षीकार चौकटींच्या कागदावर एकेक चौकट रंगवत बसलेले. रंगाचं पाणी हातांवर, कपड्यांवर, केसांत. पलीकडच्या खोलीत मेज मिळणं म्हणजे बढती. अलीकडच्या पोरांसाठी ते मेज म्हणजे जणू जन्नत.

आता नाटकाकडे येतो. 'द स्लॅब बॉइज' एडिनबरोच्या ट्रॅव्हर्स थिएटरमध्ये एप्रिल १९७८ मध्ये आलं. दिग्दर्शक डेव्हिड हेमन. पहिल्या संचात रॉबी कोलट्रेन होता. आमची पोरं त्याला हॅरी पॉटरमधला हॅग्रिड म्हणून ओळखतात. त्या वर्षीचा नव्या नाटककाराचा 'ईव्हनिंग स्टँडर्ड' पुरस्कार बर्नला मिळाला. १९८३ मध्ये हे नाटक न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर गेलं, तेव्हा शॉन पेन, केव्हिन बेकन आणि व्हॅल किल्मर हे तिघेही त्यात होते.

सगळं नाटक एका शुक्रवारी, एका खोलीत घडतं. फिल मॅकॅन आणि स्पँकी फॅरेल ही दोन रंग घोटणारी टगी पोरं. तिसरा हेक्टर, बुटका, घाबरट, सगळ्यांच्या टिंगलीचं गिऱ्हाईक. त्या दिवशी अॅलन डाउनी नावाचा एक नवा मुलगा येतो. सुखवस्तू घरातला, विद्यापीठात शिकणारा, ओळखीतून काही दिवस धंदा पाहायला आलेला. साहेबाचं नाव करी. चहाची गाडी घेऊन फिरणारी सेडी. सगळ्यांची नजर जिच्यावर आहे ती ल्युसिल. संध्याकाळी कर्मचाऱ्यांचा नाच आहे आणि ल्युसिलबरोबर कोण जाणार हीच सगळ्यांची काळजी. वरवर पाहता नुसता धांगडधिंगा, विनोदावर विनोद. पण फिलची आई आदल्या रात्री पुन्हा इस्पितळात गेलेली आहे. फिल त्याच्यावरही विनोद करतो, आणि ते ऐकताना हसू येता येता अडकतं. आणखी एक गोष्ट त्याने कुणाला फारशी सांगितलेली नाही. ग्लासगो स्कूल ऑफ आर्टला अर्ज केला आहे, उत्तराची वाट पाहतो आहे.

उत्तर येतं. नकार. त्याच दिवशी नोकरीही जाते. आणि पलीकडच्या खोलीतलं मेज मिळतं हेक्टरला.

मला या ठिकाणी थांबावंसं वाटलं. कारण खऱ्या आयुष्यात बर्नला प्रवेश मिळाला होता. १९५८ ते १९६३ तो ग्लासगो स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकला, शिष्यवृत्ती मिळवून इटलीला जाऊन आला. मग स्वतःला जे मिळालं ते त्याने फिलला का दिलं नाही? यशाची गोष्ट लिहिली असती तर लोकांना आवडलीच असती. गरीब पोरगा, गुणी हात, शेवटी दार उघडतं. आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात पाहुणे दर वर्षी हीच गोष्ट सांगतात. माझा अंदाज असा की बर्नला त्या खोलीची गोष्ट सांगायची होती, स्वतःची नाही. खोलीतून एक बाहेर पडला म्हणून खोली रिकामी होत नाही. लादीवर दुसरा येतो.

नाटकाची भाषा हा वेगळाच मजा देणारा भाग आहे. पोरं पेझलीच्या रस्त्यावरची बोली बोलतात, पण मधेच उच्चभ्रू निवासी शाळांच्या गोष्टींमधली कडक इस्त्रीची इंग्रजी तोंडात घेऊन साहेबाची खिल्ली उडवतात. आमची पोरं मधल्या सुट्टीत बातम्या देणाऱ्याची मराठी काढून दाखवतात, अगदी तसंच. ज्याला 'तुमची भाषा शुद्ध नाही' असं ऐकवलं जातं, त्याला शुद्ध भाषेची नक्कल सगळ्यात छान जमते. मुसलमान असून मराठी किती छान बोलता हो, हे वाक्य ज्याने ऐकलं आहे त्याला फिलची जीभ इतकी तिखट का, ते कळेल.

आता त्या गोष्टीकडे येतो जी नाटकात नाही, पण नाटकापेक्षा नाट्यमय आहे. शिक्षण संपवून बर्न १९६६ मध्ये पुन्हा स्टॉडर्डमध्येच आला, या वेळी नक्षीकार म्हणून, पलीकडच्या खोलीत. चित्रं काढत होता, लंडनच्या कलादालनांना दाखवत होता, कुणी ढुंकून पाहत नव्हतं. तेव्हा लंडनमध्ये न शिकलेल्या, भोळ्याभाबड्या चित्रकारांची फॅशन होती. १९६७ मध्ये बर्नने पोर्टल गॅलरीला एक चित्र पाठवलं, पनामा टोपी घातलेल्या माणसाचं. सोबत कळवलं की हे माझ्या वडिलांनी काढलं आहे, त्यांचं नाव पॅट्रिक, चित्रकला ते कुठे शिकलेले नाहीत. गॅलरी खूश झाली. प्रदर्शन भरलं, चित्रं गाजली. नंतर बर्नने खरं काय ते सांगून टाकलं, पण 'पॅट्रिक' ही सही बरीच वर्षं त्याच्या चित्रांवर राहिली. १९६८ मध्ये त्याने कारखाना कायमचा सोडला.

हा किस्सा स्कॉटिश कलेवर लिहिणारे लोक गंमत म्हणून सांगतात. मला त्यात गंमत कमी दिसते. पाच वर्षं कलाशाळेत घासलेला मुलगा बरोबरीने दार ठोठावतो तेव्हा दार बंद. तोच अडाणी कामगार बापाचं सोंग घेऊन येतो तेव्हा दार उघडतं. कामगाराने कलाकार व्हायला हरकत नव्हती, फक्त त्याने शिकलेलं असता कामा नये. भोळा असावा, हाताचा साधा असावा, म्हणजे पाहणाऱ्याला कौतुक करता येतं. आमच्या वस्तीतल्या जरीकाम करणाऱ्या उस्तादांना प्रदर्शनात बोलावतात, 'पारंपरिक कारागीर' म्हणून टोपी घालून मागापाशी बसवतात, फोटो काढतात. त्यांच्या मुलाने चित्रकार म्हणून भिंत मागितली तर? पॅट्रिक बर्न याने एक बरं केलं, मुलाला आपलं नाव वापरू दिलं.

स्कॉटिश कलेवर गेल्या पन्नास वर्षांत उत्तम पुस्तकं आली. डंकन मॅकमिलन यांचा १४६० ते १९९० या काळावरचा जाडजूड ग्रंथ १९९० मध्ये आला, विसाव्या शतकावरचं त्यांचं वेगळं पुस्तक १९९४ मध्ये. मर्डो मॅकडॉनल्ड यांचं सुटसुटीत पुस्तक २००० चं. ज्याला सुरुवात करायची त्याने तिथून करावी. हे मॅकडॉनल्ड पॅट्रिक गेडिस यांचे मोठे अभ्यासक आहेत. गेडिस म्हणजे मुंबई विद्यापीठात १९१९ पासून समाजशास्त्राचं खातं उभं करणारे तेच प्राध्यापक. स्कॉटलंडची कला म्हणजे इंग्रजी कलेची शेपटी नव्हे, तिचा स्वतःचा वंश आहे, हे या लेखकांनी ठामपणे मांडलं. छोट्या भाषेत लिहिणाऱ्याला त्या धडपडीबद्दल आपुलकी वाटतेच.

पण या पुस्तकांचा मुख्य रस्ता चित्रशाळा, कलादालन आणि संग्राहक यांच्यामधून जातो. १८८० च्या दशकातले 'ग्लासगो बॉइज', मग मॅकिन्टॉश, मग पेपलो आणि फर्ग्युसन यांच्यासारखे रंगांचे बादशहा, मग जोन अर्डली. अर्डली (१९२१–१९६३) हिने ग्लासगोच्या टाउनहेड वस्तीतली फाटक्या कपड्यांची मुलं इतक्या मायेने काढली आहेत की पाहत राहावं. बर्न हा अशाच वस्तीतला मुलगा, पण चित्रात बसणारा नव्हे, ब्रश उचलणारा. 'ग्लासगो बॉइज' माहीत असलेल्याला 'स्लॅब बॉइज' हे नाव ऐकल्यावर खट्याळपणा जाणवल्याशिवाय राहत नाही. जणू बर्न म्हणतो, ते बॉइज पुस्तकात आहेत, आता हे बॉइज पाहा. रॉबर्ट ह्युइसन यांनी २०११ मध्ये बर्नचं आयुष्य आणि चित्रं यांवर स्वतंत्र पुस्तक लिहिलं. म्हणजे लादीवरचा पोरगाही शेवटी पुस्तकात आला. पण त्यासाठी आधी नाटक लिहावं लागलं.

पुस्तक आणि नाटक यांचं आणखी एक लग्न बर्ननेच लावलं आहे. 'स्लॅब बॉइज'च्या पाच वर्षं आधी, १९७३ मध्ये, जॉन मॅकग्रा यांनी एक नाटक लिहिलं. त्याच्या लांबलचक नावात मेंढ्या, हरीण आणि खनिज तेल तिन्ही आहेत. नाटक मंडळीचं नाव ७:८४, कारण देशातल्या ७ टक्के लोकांकडे ८४ टक्के संपत्ती आहे असं तेव्हा छापून आलं होतं. मेंढ्यांसाठी डोंगराळ भागातल्या गरिबांना घरांतून कसं हुसकलं, मग तीच जमीन श्रीमंतांच्या हरणांच्या शिकारीला कशी गेली, आणि आता समुद्रातलं तेल कोण नेतं, ही गोष्ट गाणी, विनोद, नाच यांतून गावोगावच्या सभागृहांत सांगितली. आपल्याकडे अण्णाभाऊ साठे आणि शाहीर अमर शेख यांच्या लालबावटा कलापथकाने जे केलं, त्याच जातीचं काम. नाटकाचं नेपथ्य बर्नचं. त्याने माणसापेक्षा उंच असं एक पुस्तक बनवलं. लहान मुलांच्या पुस्तकात पान उलटलं की चित्र उभं राहतं ना, तसं. पान उलटलं की डोंगर उभा राहायचा. खेळ संपला की पुस्तक मिटून गाडीच्या टपावर बांधायचं, पुढच्या गावी. २०१८ मध्ये डंडी शहरात मोठं संग्रहालय उघडलं, त्यात हे पुस्तक मांडलं गेलं. आधुनिक स्कॉटिश कलेवरचं माझं सगळ्यात आवडतं पुस्तक कोणतं असं कुणी विचारलं तर मी हेच सांगेन, आणि ते मी फक्त छायाचित्रात पाहिलं आहे.

विणकरांची आठवण भिंतीवर आणणारा एक चित्रकारही आहे, त्याच्याबद्दल सांगायलाच हवं. ग्लासगोच्या कॅल्टन भागातल्या विणकरांनी १७८७ मध्ये मजुरी कापल्याबद्दल संप केला. ३ सप्टेंबरला सैन्याने गोळ्या घातल्या, सहा विणकर गेले. दोनशे वर्षांनी, १९८७ मध्ये, ग्लासगोच्या 'पीपल्स पॅलेस' या संग्रहालयाने केन करी या तरुण चित्रकाराकडून आठ मोठी चित्रं काढून घेतली आणि घुमटाखाली लावली. सुरुवात कॅल्टनच्या मेलेल्या विणकरापासून, तिथून कामगारांचा सगळा इतिहास. तिथून चार पावलांवर टेंपल्टनचा जुना गालिचे कारखाना आहे. व्हेनिसच्या राजवाड्याच्या धर्तीवर रंगीत विटांनी सजवलेली त्याची दर्शनी भिंत पर्यटक आवर्जून पाहतात. ही भिंत बांधली जात असताना १ नोव्हेंबर १८८९ रोजी वाऱ्याने कोसळली आणि मागच्या मागशाळेत काम करणाऱ्या २९ बायका-मुली चिरडून मेल्या. ग्लासगोत भिंत सुंदर हवी म्हणून २९. श्रीनगरात शालीवर दाग हवा म्हणून २८.

हे वाचताना शिक्षक म्हणून मला ली हॉल यांचं 'द पिटमेन पेंटर्स' हे नाटकही हटकून आठवलं. ते स्कॉटलंडचं नाही, सीमेच्या खाली नॉर्थम्बरलंडमधलं. अॅशिंग्टन गावच्या कोळसा खाणीतल्या मजुरांनी १९३४ मध्ये कलेची ओळख करून घ्यायला वर्ग लावला. शिकवायला आले रॉबर्ट लायन. त्यांनी जुन्या उस्तादांची चित्रं दाखवून पाहिली, मजुरांना कंटाळा आला. मग लायन म्हणाले, तुम्हीच काढा. ते काढत राहिले, पन्नास वर्षं. विल्यम फीव्हर यांनी त्यांच्यावर पुस्तक लिहिलं आणि त्या पुस्तकावरून २००७ मध्ये न्यूकॅसलला नाटक आलं. ते नाटक मनाला उभारी देतं, वर्गात सांगायलाही सोपं जातं. 'स्लॅब बॉइज' तशी सोय ठेवत नाही. त्यात शिकवायला कुणी येत नाही. फिलला रंगांची जाण आहे, चित्रं काढलेली आहेत, आणि आजूबाजूच्या एकाही मोठ्या माणसाला ती पाहाविशी वाटत नाहीत.

स्टॉडर्डचा कारखाना २००५ मध्ये बंद पडला. चौकटींच्या कागदावर रंगवलेल्या नक्ष्या आणि जुनी पुस्तकं यांचा मोठा संग्रह ग्लासगोतल्या संस्थांनी वाचवला. त्या चौकटींवर आज जो रंग दिसतो तो कुणीतरी लादीवर घोटलेला आहे. बर्नने पुढे या पोरांवर आणखी तीन नाटकं लिहिली. शेवटचं, 'नोव्हा स्कोशिया', २००८ मध्ये आलं तेव्हा फिल म्हातारा चित्रकार झालेला आहे आणि कलेच्या नव्या जगात त्याची बायकोच त्याच्यापेक्षा जास्त नावाजलेली आहे. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी बर्न वारला, ८३ वर्षांचा होऊन.

पुढच्या आठवड्यात त्याच वर्गात मी ही सगळी गोष्ट सांगितली. शाल, तालीम, लादी, फिलला आलेला नकार, हेक्टरला मिळालेलं मेज. मेंदीवाली मुलगी या वेळी काही काढत नव्हती. मला वाटलं फिलबद्दल विचारेल, सगळे फिलबद्दलच विचारतात.

"सर, हेक्टर का क्या हुआ?"

मी सांगितलं की तिसरं नाटक दहा वर्षांनंतरचं आहे आणि ते पेझलीच्या कब्रस्तानात घडतं. फिल आणि स्पँकी तिथे हेक्टरच्या दफनासाठी आलेले असतात.

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग विचारलं, "मगर उसको टेबल तो मिला था ना?"

हो, मिळालं होतं.

मग तिने वही उघडली.